शरदातील कुणबी घर : दप्तराचा शब्द आणि शिवाराचा शब्द

मराठीतील ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुंबिन्’ या शब्दापासून ‘कुळंबी’ अशा मधल्या रूपाच्या द्वारे आला, हे मत सामान्यतः मान्य झालेले आहे. गुप्तकालीन ताम्रपटांत जमिनीच्या दानाची वार्ता ज्या ग्रामवासीयांना कळविली जाते, त्यांत ‘कुटुंबिन्’ म्हणजे घरदार करून शेती करणारे लोक येतात. शेत कसणाऱ्या माणसाला भाषेने त्याच्या जमिनीवरून, नांगरावरून किंवा धन्यावरून ओळखले नाही. त्याच्या घरावरून ओळखले. पुढे हा शब्द जातिवाचक झाला, तरी त्याच्या पोटात दडलेला जुना अर्थ इतिहासाच्या अभ्यासकाला एक दिशा दाखवितो. शेती हा एका पुरुषाचा धंदा नसून एका कुटुंबाचा संसार आहे, ही ती दिशा होय.

परंतु दख्खनच्या शेतीचा इतिहास ज्या साधनांवरून लिहिला गेला, त्या साधनांत हे कुटुंब क्वचितच दिसते. दप्तरांत बिघे व चावर आहेत, साऱ्याचे आकडे आहेत, पुढे सर्व्हे नंबर आणि खातेदार आहेत. खातेदाराच्या घरी किती हात राबत होते, त्यांनी कोणत्या दिवशी कोणते काम हाती घेतले आणि कोणते सोडून दिले, याची नोंद ठेवण्याचे दप्तराला प्रयोजन नव्हते. या प्रश्नांची उत्तरे काही अंशी शेतीच्या शब्दसंग्रहात सापडतात. आश्विन-कार्तिकातील कामांची नावे याबाबतीत विशेष बोलकी आहेत. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व सोलापूर या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील भागाचे उदाहरण घेऊन ही गोष्ट स्पष्ट करता येईल.

१. ‘खरीप’ या शब्दाचा अर्थ

‘खरीप’ आणि ‘रबी’ हे दोन्ही शब्द अरबी आहेत. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत ऋतू. फारसीतून चाललेल्या राज्यकारभाराबरोबर हे शब्द दख्खनच्या दप्तरांत आले आणि तेथून शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. आज ते इतके आपले झाले आहेत की त्यांच्या मूळ अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तथापि तो अर्थ ध्यानात घेतला की एक विसंगती पुढे येते. खरीप पिके पेरली जातात ती ज्येष्ठ-आषाढात, पावसाच्या आरंभी. शरदात ती कापली जातात. उलट, जे पीक शरदात पेरले जाते त्याला वसंताचे नाव आहे. म्हणजे ही नावे पेरणीवरून पडलेली नाहीत. कापणीवरून पडली आहेत.

याचे कारण उघड आहे. सरकारचा पिकाशी संबंध येतो तो पीक हाती येण्याच्या वेळी, कारण वसुली तेव्हाच होऊ शकते. शेतकऱ्याचा संबंध बी पेरण्याच्या दिवसापासून, किंबहुना त्याच्याही आधी रान तयार करण्यापासून सुरू होतो. म्हणून शिवारातील बोलीत पिकाची ओळख नक्षत्रावरून सांगितली जाते. मृगाचा पेरा, हस्ताचा पेरा ही ओळख पावसावरून आणि पेरणीवरून आहे. राज्यकर्त्यांनाही ही गरज मुळीच कळत नव्हती असे नाही. चौदाव्या शतकात सुरू झालेला आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत सर्रास आढळणारा सुहूर सन सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशाबरोबर बदलत असे व त्यामुळेच त्याला ‘मृगसाल’ असे म्हणत. वर्षाचा आरंभ शिवाराकडून आणि पिकांची नावे दप्तराकडून, अशी ही वाटणी झाली.

शब्दांच्या या भेदात एक ऐतिहासिक सत्य आहे. दप्तराच्या दृष्टीने शरद हा कापणीचा, म्हणजे प्राप्तीचा काळ होता. कुणबी घराच्या दृष्टीने तो कापणीचा आणि पेरणीचा असा दुहेरी काळ होता. त्याच पाच-सहा आठवड्यांत एक पीक घरात आणावयाचे आणि दुसरे मातीत घालावयाचे असे. या दुहेरी ओढीचा हिशेब दप्तरात कधीच आला नाही. आणि पुढे एकोणिसाव्या शतकात जे घडले त्याचे एक मूळ या राहून गेलेल्या हिशेबात शोधता येते.

२. माळ, काळी आणि वाफसा

सह्याद्रीच्या पूर्वेकडील या पट्ट्यात वर्षाकाठी साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा मोठा भाग आषाढ-श्रावणात पडत नाही, तर भाद्रपद-आश्विनात, म्हणजे उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या सुमारास पडतो. जमिनीही दोन प्रकारच्या आहेत. हलक्या, उथळ जमिनीला ‘माळ’ किंवा ‘बरड’ म्हणतात. तेथे पावसाच्या आरंभी बाजरी आणि तिच्याबरोबर तूर, मटकी, हुलगा ही कडधान्ये पेरली जातात. खोल, काळ्या जमिनीला नुसते ‘काळी’ म्हणतात. ही काळी पावसाळाभर पडीक दिसते. प्रत्यक्षात तिच्यात कुळवाच्या पाळ्या चाललेल्या असतात, कारण तण मारणे व ओल जिरविणे हे त्या चार महिन्यांतील काम असते. ही साठविलेली ओल हेच रबी ज्वारीचे भांडवल. पेरणीनंतर तिला पाऊस मिळाला तर मिळाला. पुष्कळदा ती त्या ओलीवर आणि थंडीतील दवावर येते.

काळीतील पेरणीची वेळ ठरविणारा शब्द आहे ‘वाफसा’. पावसानंतर जमीन चिखलाची राहिलेली नाही आणि कोरडीही पडलेली नाही, अशी जी मधली अवस्था असते तिला वाफसा म्हणतात. मातीतून वाफ निघू लागण्याशी या शब्दाचा संबंध सांगतात. वाफसा आला की पाभर धरावयाची. तो थोडे दिवस टिकतो. ऊन तापले तर त्याहून कमी. शरदातील ऊन तापते, हे ‘ऑक्टोबरचा उन्हाळा’ या अलीकडच्या शब्दप्रयोगावरूनही दिसते. वाफसा चुकला तर बी उगवणीपुरती ओल राहत नाही, आणि पुन्हा पाऊस पडेल याची शाश्वती नसते. हस्तानंतर चित्रा आणि स्वाती ही नक्षत्रे येतात. त्यांत गहू-हरभरा पेरता येतो. ज्वारीला मात्र उशीर झालेला असतो.

नेमक्या याच दिवसांत माळावरची बाजरी पिकून उभी असते. तिला पाखरांचे भय असते, आणि परतीच्या पावसाचे त्याहून मोठे. कणीस भिजले तर दाणा काळा पडतो किंवा कणसातच उगवतो. एकाच घराला, एकाच आठवड्यात, माळ बोलावीत असते आणि काळीही बोलावीत असते. शरदातील कुणबी घराच्या दिनक्रमाचा सारा उलगडा या एका परिस्थितीत आहे.

३. घरातील कामाची वाटणी

या ओढाताणीतून वाट काढण्याची जी रीत रूढ झाली, ती कामाच्या साधनांवर आधारलेली होती. पेरणीला बैल लागतात. कापणीला विळा पुरतो. म्हणून सर्वसाधारणपणे पुरुष आणि बैल काळीकडे जात व बाया आणि मुले माळाकडे. ही वाटणी आदल्या पिढीने पुढच्या पिढीला शिकविलेली होती; तिचा उल्लेख कोणत्याही करारात नाही, पण तिच्यावाचून दोन्ही पिके एका कुटुंबाच्या हाती लागली नसती.

बाईचा दिवस जात्यापासून सुरू होई. पहाटे दळण, मग गोठ्यातील शेण काढणे, सडासारवण, पाणी, भाकरी. दिवस कासराभर वर येईपर्यंत घरचे हे सारे उरकून ती न्याहारीची पाटी घेऊन शेताकडे निघे. आणि पाटी उतरली की हातात विळा येई. बाजरी कापावयाची, पेंढ्या बांधावयाच्या, कणसे खुडावयाची आणि ताटे वेगळी रचावयाची. बाजरीच्या वाळल्या ताटांना ‘सरमाड’ म्हणतात, ज्वारीच्या ताटांना ‘कडबा’. गुरांच्या वर्षभराच्या पोटाशी संबंध असल्यामुळे भाषेने येथे भेद काटेकोरपणे राखला आहे. कडब्याच्या तुलनेत सरमाड हलके, म्हणून ते आधी खाऊ घालावयाचे, हा हिशेबही बाईच्याच हाती असे. पाऊस उघडल्यामुळे गोवऱ्या थापण्याचे कामही याच दिवसांत सुरू होई, कारण पुढच्या पावसाळ्यातील चूल त्यांवर पेटावयाची असे.

काळीत या वेळी पाभर चालत असे. पाभरीच्या वरच्या बाजूला लाकडी वाटीसारखे ‘चाडे’ असते. त्यातून बी पोकळ नळ्यांतून फणांच्या मागे मातीत पडते. चाड्यावर मूठ धरणे हे कौशल्याचे काम मानले जाई. मूठ सैल सुटली तर पेर दाट होते, आवळली तर विरळ. ज्वारीच्या काही ओळींनंतर एखादी ओळ करडईची घेत, म्हणजे एकाच रानात भाकरी आणि तेल दोहोंची तरतूद होई. पेरलेले बी हे घरी राखलेले बी असे. आदल्या हंगामात निवडलेली उत्तम कणसे आढ्याला टांगून किंवा दाणे राखेत कालवून बाईने ते जपलेले असे. पुरुषाच्या मुठीतून पडणारे बी बाईच्या हातून आलेले असे, हे पेरणीच्या वर्णनात पुष्कळदा राहून जाते.

मुलांकडे गुरे आणि पाखरे असत. पिकात उभारलेल्या माळ्यावर चढून गोफणीने पाखरे हाकण्याचे काम कणसात दाणा भरल्यापासून कापणीपर्यंत चाले. म्हाताऱ्यांकडे बसून करण्याची कामे येत. अंबाडी भिजत घालून तिचा वाख काढणे, त्याचे दोर वळणे, कणगी शेणामातीने लिंपणे ही कामे शरदातीलच. घरात कामाविना बसलेले माणूस या दिवसांत सापडत नसे.

ज्या घरी एकच बैल, त्याची अडचण याहून मोठी होती. तेथे ‘सावड’ उपयोगी पडे. दोन घरांनी आपले एक-एक बैल जोडून आळीपाळीने एकमेकांची पेर करावयाची, किंवा माणसांनी माणसांच्या कामाची फेड कामानेच करावयाची, याला सावड म्हणत. एखाद्याचे मोठे काम सारा गाव एका दिवशी उरकून देई व त्याने सर्वांना जेवू घाली, त्याला ‘इरजिक’ हे नाव होते. तथापि सावडीची मर्यादा वाफशातच होती. वाफसा सर्वांच्या रानात एकाच वेळी येतो. पहिल्या दिवशी कोणाचे रान पेरावयाचे, या प्रश्नात सावडीतील दुबळा भागीदार मागे पडण्याचा संभव नेहमी असे. परस्परसाहाय्याच्या या संस्थांचा गौरव करताना ही बाजूही लक्षात ठेवली पाहिजे.

शरदातील या कुटुंबश्रमाला मराठेशाहीच्या काळात आणखी एक ताण होता. सभासदाच्या बखरीत, म्हणजे १६९७ साली लिहिल्या गेलेल्या ग्रंथात, शिवकालीन लष्कराने पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढावे आणि दसऱ्याला मुलुखगिरीस बाहेर पडावे, अशी व्यवस्था वर्णिली आहे. नद्यांचे पूर ओसरणे, वाटा सुकणे, गवत आणि धान्य उपलब्ध होणे या कारणांसाठी हा मुहूर्त लष्कराला सोयीचा होता. पण तो शेतीच्या सर्वांत ओढीच्या दिवसांवर पडत असे. लष्करात कुणबी घरांतील माणसे मोठ्या संख्येने होती. ती माणसे सीमोल्लंघन करून गेल्यावर काळीतील पाभर कोणी धरली, याचा उल्लेख बखरीत नाही. मागे राहिलेला भाऊ, वडील आणि बाया यांनी ती धरली, असेच अनुमान करावे लागते. मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिताना शरदातील या मागे राहिलेल्या घराचा वाटा जमेस धरला गेलेला नाही.

४. खळे आणि वाटे

पेर आटोपली की बैल मोकळे होत आणि खळ्याचे काम सुरू होई. ‘खळे’ हा शब्द फार जुना आहे. ‘खल’ या रूपात तो ऋग्वेदातही मळणीच्या जागेसाठी येतो. हंगामाला ‘सुगी’ म्हणतात, त्या शब्दाचे नाते कन्नड ‘सुग्गी’शी उघड आहे. ‘नांगर’ संस्कृत ‘लांगल’पासून आला आहे, आणि हा संस्कृत शब्दच मुळात आर्येतर भाषांतून घेतलेला असावा, असे मत अनेक भाषाशास्त्रज्ञांनी मांडले आहे. ‘खरीप’ अरबी आहे. एका लहानशा शेताच्या एका ऋतूच्या कामात इतके थर दिसतात. दख्खनच्या शेतीत कोणकोण लोक एकमेकांजवळ राबले, याचा हा पुरावाच म्हटला पाहिजे.

खळे तयार करण्यासाठी जमीन सपाट करून, पाणी शिंपून, चोपून, शेणाने सारवावी लागे. मध्ये ‘तिवडा’ म्हणजे खांब रोवून त्याला बैलांची पात जोडीत. बैलांनी धान्याला तोंड लावू नये म्हणून त्यांच्या तोंडाला मुसकी बांधीत. मळणीनंतर उपणणी. पुरुष किंवा बाई ‘वावडी’ नावाच्या उंच तिवईवर उभी राहून पाटीतील मळलेले धान्य वाऱ्यावर सोडी. भूस उडून जाई आणि दाणा खाली पडे. नैर्ऋत्येचा वारा या दिवसांत पडलेला असतो, म्हणून पुष्कळदा वाऱ्याची वाट पाहत रात्री खळ्यावर काढाव्या लागत. शेवटी तळाशी मातीत मिसळलेले जे धान्य राही त्याला ‘मातेरे’ म्हणत. आयुष्याचे मातेरे झाले, असे बोलणारे आजचे मराठी माणूस नकळत खळ्यावरचाच शब्द वापरीत असते.

रास मापण्यालाही एक रीत होती. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत व तेथून पुढे दोन, तीन असे मोजीत. चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक सर्वत्र परिचित होते, जरी मणाचे प्रमाण गावोगाव थोडे बदले. मोजून झालेली रास सारीच घरी जात नसे. बलुतेदारांचे वाटे खळ्यावरच निघत. सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादींचे वाटे त्यांच्या थोरल्या, मधल्या किंवा धाकट्या ओळीप्रमाणे कमीजास्त असत. जेथे सारा धान्याच्या रूपाने घेतला जाई, तेथे सरकारचा वाटाही येथेच ठरे. सावकाराने दिलेल्या धान्याची फेड सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट वा दीडपट, याच जागी होई. कापलेल्या रानात मागे राहिलेली कणसे वेचणे, याला ‘सरवा’ म्हणत. तो गरिबांचा, विशेषतः बायांचा आणि मुलांचा हक्क मानला जाई.

खळ्याच्या या व्यवस्थेचे पुष्कळदा भाबडे वर्णन केले जाते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा १९१५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या बाबतीत उत्तम औषध आहे. बलुत्याची घडी कशी विसकटली आणि तिच्यात मुळातच कोणते दोष होते, हे त्यात अनुभवाने सांगितले आहे. खळे हे वाट्याचे ठिकाण होते, तसेच उच्चनीचतेच्या प्रदर्शनाचेही होते. महाराला आपला वाटा हक्काने न मिळता मागून घ्यावा लागे, ही स्थिती अपमानाची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते याच जाणिवेतून. महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने पुढे १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. खळे मोडल्याबद्दल हळहळताना ते कोणासाठी मोडले आणि कोणासाठी मोकळे झाले, हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.

तरीही खळ्याचा एक गुण मान्य करावा लागतो. तेथे वाटा ठरे तो त्या वर्षी झालेल्या राशीवरून. रास लहान तर वाटेही लहान. पावसाने केलेले नुकसान सर्वांच्या वाट्याला थोडे थोडे येई.

५. हप्ता

एकोणिसाव्या शतकात हा गुण नाहीसा झाला. प्रिंगल याची पाहणी फसल्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी व आकारणी सुरू केली. तिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात व्यवस्थित मांडली गेली. मातीची खोली आणि पोत पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडण्यात आले, प्रत्येक नंबराचा आकार रोख रकमेत ठरविण्यात आला आणि तो तीस वर्षांसाठी कायम करण्यात आला. आधीच्या गोंधळाच्या मानाने ही पद्धत सुटसुटीत होती आणि पहिल्या आकारणीचे दरही पुष्कळ ठिकाणी माफक होते, हे कबूल केले पाहिजे. पण आता आकार जमिनीवर होता, राशीवर नव्हता. तो धान्यात नव्हता, रुपयांत होता. आणि तो ठरलेल्या दिवशी भरावयाचा होता.

शरदाच्या दुहेरी ओढीशी या तीन गोष्टी जोडून पाहिल्या की त्यांचा परिणाम कळतो. ज्या कुटुंबाने पेरणीला प्राधान्य देऊन मळणी लांबणीवर टाकली, त्याच्या हाती विकण्याजोगे धान्य उशिरा येई. ते आले तेव्हा सर्वांचेच आलेले असे, म्हणून भाव पडलेला असे. मुख्य पीक ज्वारीचे. ती तर माघ-फाल्गुनापर्यंत रानातच असे. हप्त्याचा दिवस मात्र वाफसा पाहत नव्हता. ज्याच्या घरी साठा होता तो थांबू शके. ज्याच्या घरी नव्हता तो सावकाराकडे जाई. पूर्वीचा सावकार खळ्यावर येऊन धान्याचा वाटा घेत असे. आता त्याच्या हाती रोखा आला आणि रोख्याच्या पाठीशी दिवाणी न्यायालय उभे राहिले.

पहिल्या तीस वर्षांची मुदत संपण्याच्या सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे आणि त्याबरोबर इतर मालाचे भाव चढले होते. त्या तेजीच्या छायेत १८६७ पासून इंदापूर व शेजारच्या तालुक्यांत फेरआकारणी झाली आणि साऱ्याचे दर बरेच वाढले. तेजी ओसरली, सारा राहिला. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठविला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा सुरू झाला आणि तेथून तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. जमावांचा रोख प्रामुख्याने रोखे, खतपत्रे आणि हुकूमनामे यांवर होता. कागद हाती आले की बहुधा त्यांची होळी होई. ज्या कागदाने खळ्याची जागा घेतली होती, तोच कागद त्यांनी जाळला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ देण्याघेण्याचा इतिहास तपासण्याची मुभा दिली. रोखा ज्या हंगामी टंचाईतून जन्म पावतो तिला मात्र त्या कायद्याने हात लागला नाही.

या सर्व वादात बोलले गेले ते दर, व्याज आणि रोखे यांविषयी. कुटुंबाच्या जीवनाकडे वळलेली दृष्टी जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात प्रथम जोमाने दिसते. कुणब्याचे घर, त्याचे अन्न, वस्त्र आणि भांडी यांचे तपशील त्यांनी पुरावा म्हणून मांडले. आकारणीच्या नऊ वर्गांत जे मावत नव्हते, ते त्यांनी साहित्यात आणले.

६. लहान होत गेलेले शेत

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावी सरासरी खाते ४० एकरांचे होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या पाहणीच्या वेळी १५६ जमीनधारकांकडे सातशेहून अधिक तुकडे होते आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षाही लहान होते. हे आकडे पुढे तुकडेबंदीच्या चर्चेत वारंवार आले.

शरदाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ आणखी एक आहे. वारसांत वाटणी होताना माळ आणि काळी या दोहोंतील हिस्सा प्रत्येक भावाला हवा असे. कारण एकाच प्रकारची जमीन घेणे म्हणजे एकाच हंगामावर विसंबणे होते. तुकड्यांची संख्या वाढण्यामागे अज्ञान असते असे अनेकदा म्हटले गेले. त्यात दोन हंगामांचा विमा उतरविण्याचा शहाणपणाही होता. पण वाटणीबरोबर हातही वाटले गेले. चार भावांचे एकत्र घर माळावर आणि काळीत एकाच वेळी माणसे पाठवू शकत होते. वेगळे झालेल्या एकाच जोडप्याला आणि एका बैलाला ते शक्य नव्हते. जमीन लहान झाली म्हणून काम कमी झाले, असे शरदात होत नाही. वाफसा एक एकरालाही तेवढाच वेळ देतो. लहान खातेदार मजुरीकडे आणि शहराकडे ढकलला गेला, याची कारणे शोधताना उत्पन्नाच्या आकड्यांबरोबर हातांची ही मोजदादही करावी लागेल.

पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड या महानगरात सामावून गेले आहे. पूर्वेकडील तालुक्यांत मात्र बाजरी आणि ज्वारी अद्याप आहे. १९६४-६५ च्या सुमारास या दोन्ही धान्यांचे पहिले संकरित वाण आले आणि त्यांच्या प्रसाराबरोबर घरी बी राखण्याची बायांची विद्या मागे पडू लागली. ट्रॅक्टर आल्यावर पेरणी आणि मळणी यांच्यात एका बैलजोडीवरून पडणारा पेच सुटला. मळणीयंत्राने तिवडा आणि पात यांची गरज संपविली. पेचाबरोबर शब्दही गेले. चाडे, तिवडा, वावडी, सरवा हे शब्द आज म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ऐकू येतात. तरुण शेतकऱ्याला त्यांतील काही ठाऊकही नसतात.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने १८३१ साली, आणि वाढविलेल्या आवृत्तीने १८५७ साली, शेतीचे हजारो शब्द टिपून ठेवले, हे मराठीवरील मोठे उपकार आहेत. परंतु कोश शब्दाचा अर्थ देतो; तो शब्द कोणाच्या हातातला, कोणत्या नक्षत्रातला आणि कोणत्या कामाआधीचा वा नंतरचा, हे सांगत नाही. वाफसा आणि पात या दोन शब्दांत एकाच बैलजोडीवरून भांडण होते, हे कोशाच्या दोन दूरच्या पानांवरून कळणार नाही. ते ज्यांनी भोगले अशी माणसे या जिल्ह्यांत अजून आहेत, आणि त्यांतील बायांकडे अभ्यासक फारच थोड्या वेळा गेले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक गाव घेऊन आश्विन-कार्तिकातील कामांची नावे, त्यांचा क्रम आणि ती करणारे हात यांची पद्धतशीर नोंद केली, तर महसुलाच्या दप्तरासमोर कुटुंबाचे एक दप्तर उभे करता येईल. ‘कुणबी’ या शब्दात जे घर आहे, ते इतिहासात आणण्याचा तो मार्ग आहे. आणि त्यासाठी उपलब्ध असलेला अवधी वाफशासारखाच थोडा आहे.